चितळ-सांबराच्या मागावर पायी फिरायला टिकाऊ सॅक कोणती? विलायती ‘डीअर स्टॉकिंग’ सॅक मागवावी का?

भांडुप_पश्चिम

सामान असं: सोनीची २००-६०० झूम, एक बॉडी, एक छोटी लेन्स, मोनोपॉड, दोन लिटर पाणी, पावसाळी जाकीट. जागा म्हणजे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर, फणसाड आणि अधूनमधून ताडोबा. चितळ, सांबर आणि नशिबात असलं तर भेकर. फक्त फोटोसाठी, हे सांगायला नकोच. जाणं-येणं लोकलने, दादरला गाडी बदलून.

सध्याच्या सॅकचं कापड ठणठणीत आहे, पण आतलं अस्तर चिकट होऊन पांढरे पापुद्रे सुटतायत आणि डावा पट्टा वरच्या शिलाईतून उसवलाय. नवी घ्यायची तर पाच-सात पावसाळे निघावेत.

ब्रिटनमध्ये हरणांच्या शिकारीला वापरतात त्या ‘डीअर स्टॉकिंग’ सॅक ऑनलाइन दिसतात. आवाज न करणारं कापड, आत धुता येणारं अस्तर, वजन उचलायची ताकद. कॅमेऱ्यासाठी चालतील का? कापड ५०० डेनियर घ्यावं की १०००? रेन कव्हर पुरतं का? की सरळ धारावीत शिवून घ्यावी?

---

सुईदोरा

जुनी सॅक टाकू नका. तिच्या दोन्ही दुखण्यांतच नव्या सॅकमध्ये काय बघायचं त्याचं उत्तर आहे.

सुटतोय तो कापडाच्या आतल्या बाजूचा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप. दमट आणि उबदार हवेत पाण्याची वाफ या लेपातली रासायनिक साखळी हळूहळू तोडते. आधी आंबूस वास, मग चिकटपणा, मग पापुद्रे. सॅक वापरली नाही म्हणून हे थांबत नाही. ओलसर सॅक घडी घालून माळ्यावर टाकली तर उलट लवकर होतं. बहुतेक सॅकमध्ये हाच लेप असतो, त्यामुळे नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं वाचून हुरळू नका. टीपीयूचा, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा, लेप जास्त टिकतो. सिलिकॉनला ही कीड लागतच नाही, पण त्यावर शिलाईवरची सीलिंग पट्टी चिकटत नाही, म्हणून टाक्यांमधून पाणी येतं. जुन्या सॅकचे पापुद्रे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने घासून पूर्ण काढून टाका. कापडाला काही होत नाही. लेप गेला की पाणी अडवायचं काम आत ठेवलेल्या पिशवीकडे द्यायचं.

आता पट्टा. सॅक कापडात फाटत नाही, जोडात फाटते. बहुतेक ठिकाणी पट्टा पाठीच्या वरच्या शिवणीत फक्त सेंटिमीटरभर आत घालून एक-दोन ओळी शिलाई मारलेली असते. आठ-नऊ किलो वजन लोकलमध्ये चढताना झटक्याने उचललं की सगळा ताण त्या एका रेघेवर येतो. पट्टा निदान चार सेंटिमीटर आत गेलेला हवा, त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिलाई हवी, आणि आतल्या बाजूने जाड कापडाचा किंवा पट्टीचा तुकडा आधाराला हवा. दुकानात सॅक उलटी करून, अस्तराला चेन असेल तर ती उघडून, हा तुकडा बोटाने चाचपून बघा. नसेल तर कंपनी कोणतीही असो, पुढच्या दुकानात जा.

टाके जितके दाट तितकी शिलाई पक्की, ही समजूत चुकीची. इंचाला ७-८ टाके पुरे. १२-१४ मारले तर सुई कापडात पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ पाडते आणि ताण आला की नेमकं तिथूनच फाटतं. दोरा बॉन्डेड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा. सुती दोरा मुंबईच्या पावसाळ्यात कुजतो.

डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. धागा नायलॉन आहे की पॉलिएस्टर, वीण कशी आहे, हे तो आकडा सांगत नाही. १६८० असा मोठा आकडा मिरवणारं बरंचसं कापड पॉलिएस्टर असतं. घासाघाशीत ते त्याच आकड्याच्या चांगल्या नायलॉनपुढे टिकत नाही. मात्र पॉलिएस्टर उन्हात नायलॉनपेक्षा जास्त टिकतं आणि भिजल्यावर सैल पडत नाही, हेही खरं. तुमच्या कामाला अंगाचं कापड ५०० डेनियर नायलॉन आणि तळ १००० डेनियर. सगळीकडे १००० घेतलं तर सॅक विनाकारण जड आणि ताठ होते, आवाजही वाढतो.

चेन दहा नंबरची, कॉइलची, म्हणजे वेटोळ्याच्या दातांची. मुख्य कप्प्याला पाच नंबर दिसली तर समजा की कंपनीने तिथेच पैसे वाचवलेत. धातूच्या दातांची चेन खाऱ्या हवेत हिरवी पडून अडकते. चेन गेली म्हणून सॅक टाकणारे बरेच दिसतात, पण झिजलेला असतो तो रनर, म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा. धूळ आत जाऊन त्याची आतली बाजू रुंदावते आणि दात मागे उघडेच राहतात. पक्कडीने रनर दोन्ही कडांनी अगदी किंचित दाबला की काही दिवस निभतं. पक्का उपाय म्हणजे रनर बदलणे. त्याच्या पाठीवर नंबर असतो, तोच आणि त्याच जातीचा घ्यायचा. कॉइलचा रनर प्लॅस्टिकच्या मोठ्या दातांवर चालत नाही. चेन जड चालायला लागली तर मेणबत्ती घासा. तेल सोडू नका, त्याला धूळ चिकटते आणि ती सहाणेचं काम करते.

---

कुसळी_गवत

विलायती सॅकबद्दल. तिकडे त्या कशासाठी बनतात ते आधी बघा. रो नावाचं तिकडचं हरीण साधारण आपल्या भेकराच्या मापाचं. मारलेलं रो पाठीवर घालून आणायला जी मोठी सॅक असते तिला रो-सॅक म्हणतात. आतलं सुटं, धुता येणारं अस्तर रक्तासाठी असतं. स्कॉटलंडच्या डोंगरातलं रेड डीअर कुठल्याच सॅकमध्ये मावत नाही, ते ओढत किंवा तट्टूवर घालून खाली आणतात. म्हणजे ती सॅक बोजड, मऊ वजन पोटात घेऊन पाठीला चिकटून राहावी अशी शिवलेली असते. कप्पे नाहीत, गादी नाही. तुमची लेन्स तिच्यात तळाला जाऊन बसणार. आतलं अस्तर हवाबंद, त्यामुळे आपल्याकडच्या दमटपणात आतून घाम धरणार. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्या सॅकचं मूळ कामच उरत नाही, मग त्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

तिच्यातली घेण्यासारखी गोष्ट एकच: गप्प राहणारं कापड. पण तेही जसंच्या तसं नको. तिकडे लोकरीसारखं, लव असलेलं कापड लावतात. आपल्या डोंगरात ऑक्टोबरनंतर त्या लवेत कुसळं अशी घुसतात की चिमट्याने एकेक काढावी लागतात. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगेचा पाठीमागे नुसता धक्का लागला तरी तिची कुसं कापडात बसतात आणि नंतर सॅक उचलणाऱ्या प्रत्येकाच्या मानेला लागतात. शिवाय लव पाणी पिते. आपल्याला गुळगुळीत पण मऊ पडणारं कापड हवं.

पारख सोपी आहे. सॅक कानाजवळ धरून नख कापडावर आडवं ओढा. ‘खर्रर’ असा कोरडा आवाज आला तर करवंदीच्या जाळीतून जातानाही तोच येणार. (अब्दुल रहमान स्ट्रीटच्या गर्दीत हे ऐकू येणार नाही. सकाळी दुकान उघडतं तेव्हा जा.) नव्या कापडावरचा ताठरपणा दोन-तीन वेळा धुतल्यावर थोडा उतरतो, पण चकचकीत लेप बाहेरच्या बाजूला असेल तर नाही.

वेल्क्रो हा सर्वात मोठा शत्रू. चितळ वीस-पंचवीस मीटरवर चरत असताना वेल्क्रो फाडला की आधी एक शेपटी वर होते, मग सगळा कळप. हळू सोडला तरी आवाज होतोच, फक्त लांबतो. कप्प्याला वेल्क्रो असेलच तर त्याच्या काटेरी बाजूवर मऊ बाजूची सुटी पट्टी कायमची चिकटवून टाका आणि बंद करायला बक्कल किंवा चेन वापरा. रनरचे धातूचे ओढणे काढून तिथे नाडीची गाठ मारा. बाजूचं बक्कल ‘टक’ करतं. दोन्ही कान बोटांनी दाबून आत सरकवलं आणि मग सोडलं तर करत नाही.

रंगाचं थोडं. हरणांना लाल-नारिंगी आपल्यासारखं दिसत नाही, पण निळा चांगला दिसतो. तेव्हा निळी सॅक नको, निळं रेन कव्हर तर नकोच. पांढरेशुभ्र कपडे करणाऱ्या वॉशिंग पावडरीत चमक आणणारी रसायनं असतात. ती अतिनील प्रकाश घेऊन निळसर प्रकाश बाहेर टाकतात, म्हणजे खाकी सॅकसुद्धा हरणाला उजळ दिसते. साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. आणि सॅकमध्ये डांबरगोळ्या ठेवू नका. वारा तुमच्याकडून हरणाकडे असेल तर कपाटाचा वास तुमच्याआधी पोचतो.

---

कान्हेरी_माकड

एक राहिलं. राष्ट्रीय उद्यानात, विशेषतः कान्हेरीच्या रस्त्याला, माकडांना चेन उघडता येते. बाहेरच्या कप्प्यात बिस्किटाचा पुडा म्हणजे आमंत्रणच. बाजूची जाळीची खिसेवाली सॅक असेल तर पाण्याची बाटलीसुद्धा जाते. पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक घ्या: पाठीवर असताना उघडता येत नाही, माकडांनाही नाही आणि दादरच्या पुलावरच्या पाकीटमारांनाही नाही. जमिनीवर ठेवताना पट्ट्यांची बाजू वर राहते, त्यामुळे चिखल पाठीला लागत नाही, गोचिडंही पट्ट्यांवर कमी चढतात.

---

कुसळी_गवत

गोचिडांचं बरोबर. पण पाठीकडून उघडणारी सॅक प्रत्येक वेळी काढून आडवी करावी लागते, आणि ती हालचाल हरणाला आवाजाइतकीच कळते. बाजूने उघडणारी सॅक एका खांद्यावरून पुढे फिरवली की झालं. माझं मत: जंगलात शिरल्यावर कॅमेरा सॅकमध्ये नसावाच. तो छातीवरच्या पट्ट्याला आणि सॅक बंद. मग ती कुठूनही उघडो.

---

पागोळी

रेन कव्हरवर भरवसा ठेवू नका. ते पाठीची बाजू उघडी सोडतं. तुमच्या मानेवरून आलेलं पाणी पाठीच्या जाळीतून खाली झिरपतं आणि कव्हरच्या तळाला साचतं, म्हणजे लेन्सच्या बुडाशी अर्धा पेला पाणी घेऊन तुम्ही चालत राहता. कव्हरच्या तळाला छिद्र नसेल तर तापवलेल्या सुईने दोन पाडा. वाऱ्यात ते फडफडतं ते वेगळंच.

खरं संरक्षण आतून. तोंड तीन वेळा गुंडाळून बक्कल लावायची ड्राय बॅग घ्या, त्यात गादीचा कॅमेरा-कप्पा अख्खा सरकवा. तीनपेक्षा कमी वळसे दिले तर पाणी शिरतं. कप्प्यातली गादी बंद पेशींच्या फोमची (ईव्हीए) असावी. साधा पीयू फोम स्पंजासारखा पाणी धरतो आणि आत वाळायला दोन दिवस घेतो, तोवर बुरशी. ओळखायचं कसं? दोन बोटांत जोरात दाबा, पूर्ण चपटा झाला तर साधा फोम.

एसी लोकलने जात असाल तर बोरिवलीला उतरल्या उतरल्या बॅग उघडू नका. थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागली की लेन्सच्या आतसुद्धा वाफ धरते. वीस-पंचवीस मिनिटं बॅग बंदच ठेवायची. प्रवेशद्वारापर्यंत चालत गेलात की वेळ होतोच.

घरी आल्यावर सॅकमध्ये सामान ठेवायचं नाही. सॅकला सिलिका जेलच्या पुड्या पुरत नाहीत, कारण चेनमधून हवा येत राहते आणि पुडी लगेच भरते. रबराची कड असलेल्या प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात लेन्स आणि १०० ग्रॅमच्या दोन पुरचुंड्या. नारिंगी दाण्यांचं जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. डब्यात छोटा हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ४०-५० टक्क्यांत राहिली पाहिजे. सॅक मात्र पंख्याखाली सगळ्या चेन उघड्या टाकून, उलटी टांगून.

---

सुईदोरा

पागोळी, रेन कव्हर अगदीच मोडीत काढू नका. पाऊस अडवायला नाही, पण चिखल अडवायला त्याचा उपयोग आहे. ताडोबात उन्हाळ्यात जिप्सीतून जाताना तीच पिशवी धुळीसाठी वापरायची, म्हणजे रनर वाचतात.

---

भांडुप_पश्चिम

सगळ्यांचे आभार. मापं घेतली. लेन्स, बॉडी, उलटा लावलेला हूड आणि कॉलरचा (लेन्सभोवतीच्या, मोनोपॉडला जोडायच्या कड्याचा) पाय धरून लांबी ४१ सेंमी, रुंदी १४, खोली १८. सगळं सामान साडेसहा किलो, म्हणजे सॅकसकट साडेआठ धरतो. मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत ४६ सेंमी भरतं. धारावीतल्या कारागिराला नेमकं काय सांगू? सगळीच त्याच्याकडून शिवून घेतली तर चालेल ना?

---

सुईदोरा

सगळी शिवून घेऊ नका. पेटीसारखी सॅक कारागीर उत्तम शिवेल, पण खांद्याच्या पट्ट्यांचा बाक, कमरपट्ट्याचा कोन आणि पाठीची चौकट हे नमुन्याचं काम आहे, ते एका नगासाठी जुळत नाही. साडेआठ किलो खांद्यांवर राहिलं तर दोन तासांत मान धरते. ते कमरेच्या हाडांवर उतरलं पाहिजे. त्यासाठी ४६ सेंमी पाठीच्या मापाची, चौकट असलेली, पुढून किंवा पाठीकडून पूर्ण उघडणारी ४०-४५ लिटरची ट्रेकिंग सॅक घ्या आणि कॅमेऱ्याचा कप्पा वेगळा ठेवा. नुसता २५ मिलिमीटरचा पातळ कमरपट्टा वजन घेत नाही, फक्त सॅक हलू देत नाही. दुकानात आठ किलो भरून कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या उंचवट्यावर आवळा, मग खांद्याचे पट्टे सैल सोडा. खांद्यावर बोट सहज सरकलं पाहिजे. लोकलमध्ये तो पट्टा मागे उलटा वळवून सॅकभोवतीच लावून टाका, नाहीतर दारात कोणाच्या तरी छत्रीत अडकतो.

कारागिराकडून दोन कामं करून घ्या.

पहिलं, कप्पा. आतलं माप ४३ x १६ x १९ सेंमी. वर-खाली सेंटिमीटरभर ढिलाई असली की लेन्स पटकन निघते. त्याहून जास्त नको, आत आपटते. भिंतींना १० मिमी ईव्हीए, बुडाला १५. बॉडीच्या बाजूला आडवा सरकणारा एक पडदा. इथे वेल्क्रो चालेल, कारण तो जंगलात उघडायचा नाही. फोम चिकटवू नका म्हणावं, अस्तराच्या खिशात नुसता सरकवायचा. रबर सोल्युशनचा वास महिनोन्‌महिने जात नाही, आणि फोम काढून वाळवता येणं हीच मुख्य गोष्ट आहे. अस्तर फिकट राखाडी सांगा, काळ्या अस्तरात लेन्सचं काळं झाकण सापडत नाही.

दुसरं, नव्या सॅकच्या पट्ट्यांचे जोड पक्के करणं. घरगुती मशीनवर हे होत नाही, जाड थरात टाके सुटतात. बॅग शिवणारी वॉकिंग फूटची (वरूनही कापड पुढे सरकवणारी) मशीन, १८ नंबरची सुई, ६९ नंबरचा बॉन्डेड दोरा. आतून ३८ मिमीच्या नायलॉन पट्टीचा आठ-दहा सेंमीचा आडवा तुकडा, त्याची दोन्ही टोकं लायटरने वितळवून घेतलेली, आणि पट्ट्याचा ताण त्या तुकड्यावर जाईल अशी फुलीची शिलाई. वॉरंटी असेल तर हे काम ती संपल्यावर करा, आधी केलं तर वॉरंटी जाते. तळाला पाणी निघायला आयलेट बसवायचं असेल तर पितळी. लोखंडी एका पावसाळ्यात गंजून कापड खातं.

बक्कल बदलायची वेळ आली तर एसिटल नावाच्या प्लॅस्टिकचं मागा. पॉलिप्रॉपिलीनचं स्वस्त बक्कल उन्हात ठिसूळ होतं आणि त्याचा मधला दात तुटतो. एक जादा बक्कल, स्क्रूने बसणारं, सॅकमध्ये कायम असू द्या. शिवलेली पट्टी न उसवता ते बसवता येतं.

---

पागोळी

ड्राय बॅग कप्प्याच्या बाहेरच्या मापापेक्षा मोठी घ्या. तुमचा कप्पा बाहेरून साधारण ४६ x १८ x २१ होईल, म्हणजे १७-१८ लिटर. तोंड गुंडाळायला जागा धरून २५ लिटरची लागेल, २० ची पुरणार नाही.

---

भांडुप_पश्चिम

काम झाल्यावर शिलाई नीट आहे की नाही, हे मला कसं कळणार? कारागीर तर ‘एकदम पक्का’ म्हणणारच.

---

सुईदोरा

पैसे चुकते करण्याआधी नाही, पण घरी आणल्यावर लगेच. सॅकमध्ये १५ किलो भरा. तांदळाच्या पिशव्या किंवा पाण्याच्या बाटल्या. पाण्याच्या असतील तर ड्राय बॅगेत, म्हणजे तिचीही परीक्षा होते. मग एका वेळी एकाच पट्ट्याने, दाराच्या बिजागरीला नव्हे, पंख्याच्या हुकाला किंवा गॅलरीच्या गजाला रात्रभर टांगा. सकाळी जोडाच्या शिलाईवर मोबाईलची बॅटरी तिरकी धरून बघा. टाक्याची भोकं गोल असली तर काम चोख. ताणाच्या दिशेने लांबट झाली असतील तर आतला आधाराचा तुकडा शिलाईत पकडलाच गेलेला नाही. तेवढा जोड उसवून पुन्हा मारून घ्या, जुन्या भोकांपासून निदान पाच मिलिमीटर बाजूला.